आराखड्यांचं व्याकरण आणि जेनेटिक अल्गोरिदम: आधी मेहनत कशावर घ्यावी?

खणमांडणी (धागाकर्ता)

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाचे प्रबंध तपासताना हल्ली ग्रासहॉपर या आकड्यांवरून आकार घडवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं गॅलापागोस हे उत्क्रांतीच्या पद्धतीने पर्याय शोधणारं साधन वारंवार भेटतं. इमारतीची लांबी, मजल्यांचा पीळ, खिडक्यांचं प्रमाण असे तीन-चार स्लायडर, म्हणजे सरकवून बदलायचे आकडे. दुसऱ्या टोकाला उन्हाचा किंवा क्षेत्रफळाचा एक आकडा. रात्रभर संगणक चालतो आणि सकाळी 'सर्वोत्तम' आकार हातात येतो. मुलं मनापासून राबलेली असतात. पण त्या स्लायडरांमधून मुळात कोणत्या इमारती निघू शकतात आणि कोणत्या कधीच निघणार नाहीत, हे कुणी तपासलेलं नसतं. आडात नसेल तर पोहऱ्यात येणार कुठून? डिझाइनचा मोठा भाग तिथेच, शोध सुरू होण्याआधी ठरून जातो असं माझं ठाम मत आहे. त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

यात दोन वेगळे प्रवाह आहेत. पहिला शेप ग्रामरचा, म्हणजे आकारांच्या व्याकरणाचा. जॉर्ज स्टिनी आणि जेम्स गिप्स यांनी तो १९७१-७२ च्या सुमारास मांडला, आणि तोही चित्र व शिल्प यांच्यासाठी. कल्पना साधी आहे. नियमाच्या डाव्या बाजूला एक आकार, उजव्या बाजूला दुसरा. चालू रेखाटनात डावा आकार जिथे दिसेल तिथे तो काढून उजवा बसवायचा. एका सुरुवातीच्या आकारापासून निघायचं आणि नियम लावत जायचं. १९७७ साली स्टिनीने चिनी खिडक्यांच्या जाळ्यांवर हे करून दाखवलं. बर्फाला तडे जावेत तशी नक्षी असलेल्या या जाळ्या बघताना वेड्यावाकड्या वाटतात. पण त्रिकोण, चौकोन किंवा पंचकोन एका रेषेने कसा दुभंगायचा, एवढ्या मोजक्या नियमांत त्या बसतात.

पुढच्याच वर्षी स्टिनी आणि विल्यम मिचेल यांनी इटालियन वास्तुविशारद आंद्रेआ पॅलाडिओच्या व्हिलांचं व्याकरण लिहिलं. माझ्या मते या विषयात शिरायला याहून चांगलं दार नाही. उत्तर इटलीतल्या व्हेनेतो भागात सोळाव्या शतकात शेतजमिनींवर बांधलेली ही घरं. १५७० साली पॅलाडिओने आपल्या ग्रंथात त्यांचे नकाशे छापले आणि प्रमाणांबद्दलही लिहिलं. त्या नकाशांमागची रीत स्टिनी-मिचेल यांनी आठ टप्प्यांत उलगडली: आधी जाळी (ग्रिड), मग बाहेरची भिंत, मग जाळीतले शेजारचे चौकोन जोडून खोल्या, मग आतल्या भिंती एका ओळीत आणणं, मग प्रवेशद्वार आणि पोर्टिको (खांबांचा दर्शनी मंडप), मग बाहेरचे खांब, मग दारं-खिडक्या आणि शेवटी मदतीला घेतलेल्या खुणा पुसणं. मधल्या अक्षाच्या डावीकडे जे होईल तेच उजवीकडे. मधला दिवाणखाना चौकोनी असू शकतो, तसाच टी, आय किंवा क्रूसाच्या आकाराचाही. या नियमांतून त्यांनी व्हिला मालकोंतेंताचा नकाशा पायरीपायरीने काढून दाखवला. आणि तेच नियम पॅलाडिओने कधीच न काढलेल्या, पण त्याच्या घराण्यातल्या वाटणाऱ्या व्हिलाही देतात. एखाद्या शैलीबद्दल आपण जे मोघम बोलत असतो, ते असं नियमात आलं की पडताळता येतं. कुठला नियम चुकला ते बोट ठेवून दाखवता येतं.

पुढे याच वाटेने अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटच्या प्रेअरी घरांचं व्याकरण झालं (१९८१, कोनिंग आणि आयझेनबर्ग). त्यात घर फायरप्लेसपासून वाढत जातं. आपल्याला जवळचं म्हणजे स्टिनी-मिचेल यांनीच १९८० मध्ये मुघल बागांचं व्याकरण लिहिलं. चौरसाचे पाण्याच्या पाटांनी चार भाग, त्या प्रत्येकाचे पुन्हा चार. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याभोवती फिरलेल्या कुणालाही ही मांडणी ओळखीची वाटेल.

दुसरा प्रवाह उत्क्रांतीचा, ज्यात जेनेटिक अल्गोरिदम येतो. १९६० च्या दशकात बर्लिनमध्ये इंगो रेखेनबर्ग, अमेरिकेत जॉन हॉलंड (त्यांचं मुख्य पुस्तक १९७५ चं) आणि वास्तुकलेत लंडनच्या एए (आर्किटेक्चरल असोसिएशन) स्कूलमध्ये जॉन फ्रेझर, ज्यांचं या विषयावरचं पुस्तक १९९५ साली आलं. पर्यायांची एक पिढी घ्यायची, प्रत्येकाला गुण द्यायचे, चांगल्यांचा संकर, थोडं उत्परिवर्तन, मग पुढची पिढी. हे बहुतेकांना माहीत आहे, म्हणून लांबवत नाही.

माझं म्हणणं एवढंच: व्याकरण 'काय काढता येईल' ते ठरवतं आणि उत्क्रांती 'त्यातलं काय ठेवावं' ते ठरवते. वेळ आणि बुद्धी दुसऱ्यापेक्षा पहिल्यावर कितीतरी जास्त खर्च व्हायला हवी. आज उलटं चाललं आहे. तुमचे अनुभव लिहा. विरोधी मत असेल तर जरूर लिहा.

पागोळी

खूप छान धागा सर. मी चौथ्या वर्षाला आहे. एक प्राथमिक शंका. पॅरामेट्रिक मॉडेल आणि व्याकरण यात नेमका फरक काय? स्लायडर फिरवला की पण आकार बदलतोच ना?

खणमांडणी

पागोळी, ही शंका प्राथमिक नाही, इथेच बरेच जण अडकतात. स्लायडरच्या मॉडेलमध्ये भागांची संख्या आणि त्यांचं एकमेकांशी नातं आधीच ठरलेलं असतं. तीन खोल्यांचं घर लांब होईल, रुंद होईल, पिळेल, पण तीनच खोल्यांचं राहील आणि स्वयंपाकघर जिथे जोडलंय तिथेच जोडलेलं राहील. व्याकरणात नियम लागला की नातंच बदलतं. खोली दुभंगते, दोन खोल्या एक होतात, नवीन अंगण उगवतं.

आणखी एक फरक आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. कागदावर दोन चौरस असे काढ की एकाचा कोपरा दुसऱ्यात शिरेल. जिथे ते एकमेकांवर येतात तिथे तिसरा, छोटा चौरस दिसतो. तो तू काढलेला नाहीस. डोळ्याला मात्र तो लगेच दिसतो आणि शेप ग्रामरमध्ये त्या तिसऱ्या चौरसालाही नियम लावता येतो. सीएडी (संगणकावरच्या रेखाटनाच्या) फाइलला तो दिसत नाही, कारण तिच्या यादीत दोनच चौरस आहेत. रेषांचे तुकडे न साठवता सलग मोठ्यात मोठ्या रेषा साठवून ही अडचण सोडवण्याचं मूलभूत काम रमेश कृष्णमूर्ती यांनी १९८० च्या आसपास केलं. स्केच करता करता आपल्याला अचानक काहीतरी नवं दिसतं, त्या अनुभवाच्या इतकं जवळ जाणारं दुसरं तंत्र मला माहीत नाही.

आरसीसी_काका

मी स्ट्रक्चरल माणूस. आमच्याकडे जेनेटिक अल्गोरिदम (जीए) बरीच वर्षं आहे आणि त्याचं कारण व्यवहारातलं आहे. स्टीलचा सेक्शन बाजारात जो मिळतो तोच घ्यावा लागतो. आयएसएमबी (भारतीय मानकातला 'आय' आकाराचा बीम) २०० आहे, २५० आहे, पण २१७ नाही. कॅल्क्युलसवर चालणाऱ्या पद्धती सलग बदलणाऱ्या आकड्यांवर खूश असतात. अशा तुटक पर्यायांपुढे त्या अडखळतात. जीए अडखळत नाही. कैच्या (ट्रस) किंवा ट्रान्समिशन टॉवर यांत त्याचा खरोखर उपयोग होतो.

घरांच्या नकाशांबद्दल मात्र एक प्रेमळ सूचना. तुमच्या व्याकरणात कॉलम कुठे आहेत? पुण्या-मुंबईच्या साध्या इमारतीत खाली स्टिल्ट पार्किंग असतं. तिथे गाड्यांच्या जागा आणि वळायला वाट सोडून कॉलम जिथे बसतो, तिथूनच तो वरच्या मजल्याच्या बेडरूममध्ये जातो. हा नियम व्याकरणात पहिल्या पायरीला नसेल तर वरून निघालेले हजार नकाशे माझ्या टेबलावर येऊन बाद होणार. मग त्या सगळ्या उत्क्रांतीचा काय फायदा?

खणमांडणी

काका, शंभर टक्के. आणि हाच माझ्या मुद्द्याला आधार आहे. अनेक जण कॉलमची अट दंड म्हणून लावतात: गाडीच्या वाटेत कॉलम आला तर गुण कापायचे. मग अल्गोरिदमचा निम्मा वेळ बाद नकाशे काढण्यात आणि त्यांना शिक्षा करण्यात जातो. तीच अट नियमात घातली, म्हणजे आधी पार्किंगची जाळी, तिच्यावरून कॉलम, कॉलमच्या जाळीवरून खोल्या, तर बाद नकाशा जन्मालाच येत नाही. बाजूला सोडायच्या जागा, जिन्याची रुंदी, हवेसाठी डक्ट हे नगरविकासाचे नियमही असेच आत घेता येतात.

झरोका

थोडा वेगळा सूर लावतो. माझं काम ऊर्जा आणि नैसर्गिक प्रकाशाच्या सिम्युलेशनचं आहे.

गणित करून बघा. एका पिढीत ५० पर्याय, १०० पिढ्या, म्हणजे ५,००० सिम्युलेशन. एकेका सिम्युलेशनला दोन मिनिटं धरली तरी १०,००० मिनिटं, म्हणजे संगणक जवळजवळ सात दिवस अखंड चालणार. प्रत्यक्ष प्रकल्पात एवढा वेळ कोण देतं? थॉमस वोर्टमन यांच्या कामात दिसतं की सिम्युलेशन महाग असेल तर सरोगेट मॉडेलवर चालणाऱ्या पद्धती थोडक्या चाचण्यांमध्ये जीएपेक्षा चांगलं उत्तर देतात. झालेल्या चाचण्यांवरून न झालेल्यांचा अंदाज बांधायचा आणि पुढची चाचणी जिथे फायद्याची वाटेल तिथेच करायची. 'निसर्गात चालतं म्हणून इथेही चालेल' या भावनेपोटी जीए निवडू नये एवढंच म्हणणं आहे.

दुसरं, एकाच आकड्यात सगळं कोंबू नका. उजेड जास्त हवा आणि उष्णता कमी हवी, या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. ६०-४० असं वजन देऊन बेरीज केली की त्या ६०-४० मध्ये तुमचं सगळं मत लपतं आणि पुढे कुणी ते विचारतही नाही. दोन्ही उद्दिष्टं वेगळी ठेवली की पॅरेटो रेषा मिळते: एक सुधारायचं तर दुसरं बिघडणारच, अशा पर्यायांची रांग. निवड मग माणूस उघडपणे करतो. यासाठी जगभर वापरला जाणारा एनएसजीए-२ अल्गोरिदम कल्याणमय देब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला तो आयआयटी कानपूरमधून. ग्रासहॉपरमधलं वॉलेसाई हे साधन त्याच्यावरच चालतं. आपल्या विद्यार्थ्यांना हे सांगायलाच हवं.

तिसरं, परदेशी ट्युटोरियलमधली उद्दिष्टं जशीच्या तशी उचलू नका. पुण्याचा अक्षांश साधारण १८.५. डिसेंबरात दुपारी सूर्य दक्षिणेला ४८ अंशांवर असतो. लंडनला त्याच वेळी तो १५ अंशांवर असतो, म्हणून तिथे दक्षिणेची मोठी काच वरदान ठरते. आपल्याकडे जूनच्या २१ तारखेला दुपारचा सूर्य डोक्याच्याही थोडा उत्तरेला सरकलेला असतो. उत्तरेच्या खिडकीला छज्जा नको, हे वाक्य मी अनेक अहवालांत वाचलं आहे. सकाळ-संध्याकाळचं उत्तरेकडून येणारं उन्हाळी ऊन त्यात कुणी धरलेलंच नसतं.

टोरांटोकर

झरोका यांच्या दुसऱ्या मुद्द्याला एक उदाहरण जोडतो. इथे टोरांटोत ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीचं मार्स (MaRS) या केंद्रातलं ऑफिस २०१७ साली असंच आखलं गेलं. डेव्हिड बेंजामिन यांच्या 'द लिव्हिंग' या स्टुडिओचं काम. सहा उद्दिष्टं ठेवली होती: कामाच्या पद्धतीची आवड, कोणाच्या जवळ बसायचं, लक्ष विचलित न होणं, माणसांची आपसात गाठ पडणं, दिवसाचा उजेड आणि बाहेरचं दृश्य. पहिल्या दोन गोष्टी कर्मचाऱ्यांनाच विचारून घेतल्या. सुमारे दहा हजार पर्याय तयार झाले.

मला त्यात आवडलेला भाग म्हणजे 'गाठ पडणं' आणि 'विचलित न होणं' यांना आकड्यात आणताना त्यांना आधी आपसात ठरवावं लागलं की चांगलं ऑफिस म्हणजे काय. तो वाद अल्गोरिदमशिवायही व्हायलाच हवा, पण एरवी तो होत नाही.

सूत्रपाठ

वास्तुकलेतलं मला कळत नाही, संस्कृत व्याकरण शिकवतो. एक जाता जाता नोंद. एकाच जागी दोन नियम लागू होत असतील तर काय करायचं, हा प्रश्न तुमच्याकडेही येत असणार. पाणिनीने त्यासाठी नियमांवरचे नियम दिले आहेत. 'विप्रतिषेधे परं कार्यम्' (अष्टाध्यायी १.४.२): तुल्यबळ विरोध असेल तर क्रमाने नंतरचा नियम. शिवाय सामान्य नियमापेक्षा अपवाद बलवान. तुमच्या पद्धतीत हा निर्णय कोण घेतं?

खणमांडणी

सूत्रपाठ, फार नेमका प्रश्न. स्टिनीच्या मूळ मांडणीत हा निर्णय बराचसा डिझायनरवर सोडलेला आहे. खुणा (लेबल) लावून क्रम बांधता येतो, म्हणजे अमुक खूण असेल तरच हा नियम, नियम लागला की खूण पुसली जाते. पॅलाडिओचे आठ टप्पे असेच बांधलेले आहेत. पण त्या चौकटीत जिथे दोन नियम खुले राहतात, तिथे निवड हवीच. आणि तीच निवड उत्क्रांतीकडे सोपवता येते. दोन्ही प्रवाह जुळतात ते या जागी.

याची एक रुळलेली पद्धत म्हणजे ग्रामॅटिकल इव्होल्यूशन, आयर्लंडमधल्या लिमरिक विद्यापीठात १९९८ च्या सुमारास कॉनर रायन आणि मायकल ओनील यांनी पुढे आणलेली. जनुक म्हणजे आकड्यांची एक ओळ. चालू रेखाटनाला समजा तीन नियम लागू शकतात आणि ओळीतला पुढचा आकडा ४७ आहे. ४७ ला ३ ने भागा, बाकी २. मोजणी शून्यापासून, म्हणून तिसरा नियम लावा. मग पुढचा आकडा. अशी ओळ संपेपर्यंत घर तयार.

सोपं आहे, पण एक गंभीर दुखणं आहे. ओळीतला पहिला आकडा बदलला की पुढे लागू होणाऱ्या नियमांची संख्याच बदलते, त्यामुळे त्याच्यानंतरच्या प्रत्येक आकड्याचा अर्थ बदलतो. चांगल्या आईबापांच्या संकरातून दोघांशीही काही नातं नसलेलं मूल निघतं. मग उत्क्रांती कसली, ती नुसती सोडत झाली. म्हणून मी विद्यार्थ्यांना आकड्यांच्या ओळीऐवजी नियम लागत गेल्याचा वृक्ष ठेवायला सांगतो. संकर करताना एका वृक्षाची फांदी दुसऱ्यात बसवायची, पण फक्त तशाच खुणेच्या जागी. 'मागचं अंगण' या खुणेखालची फांदी 'मागचं अंगण' याच्याच जागी जाईल. आईचं अंगण, बापाचा पुढचा भाग, आणि दोन्ही ओळखू येतात.

झरोका, तुमचा वेळेचा हिशेब मला पूर्ण मान्य आहे. सलग आकडे असतील तर सरोगेट वापरावंच. पण झाडाची रचनाच बदलत असेल तर दोन घरांमधलं 'अंतर' मोजणं अवघड होतं आणि सरोगेटला ते अंतर लागतं. तिथे मला अजून उत्क्रांतीच सोयीची वाटते. रचना उत्क्रांतीने आणि प्रत्येक रचनेतली खिडक्यांची मापं सरोगेटने, अशी वाटणी करून बघण्यासारखी आहे.

झरोका

ही वाटणी पटली. खिडक्यांवरून आठवलं, लुईसा काल्दास यांनी पोर्तुगालमधल्या पोर्तोच्या आर्किटेक्चर स्कूलच्या इमारतीवर जीए चालवला होता. इमारत वास्तुविशारद अल्वारो सिझाची. खिडक्यांची मापं बदलायला मोकळी, पण सिझाच्या रचनेतल्या ज्या गोष्टी मोडायच्या नाहीत त्या बंधनं म्हणून आधीच आत घातलेल्या. तुमच्या मुद्द्याच्या बाजूचंच उदाहरण म्हणायला हवं.

ओसरी

वाचते आहे आणि हात शिवशिवत आहेत. आपल्या वाड्यांचं व्याकरण कुणीतरी लिहायला हवं, नाही का? मोजमाप आधीपासून नियमातच बोलतं. दोन खांबांमधला खण हे एकक, खोल्या खणांत सांगायच्या. मी पुण्यातल्या पेठांमधले वाडे मोजण्याच्या कामात होते, त्यावरून कच्चे नियम असे सुचतात:

सुरुवातीचा आकार चौक, इतके बाय इतके खण. चौकाच्या प्रत्येक बाजूला एक खण खोल सोपा (चौकाकडे उघडी पडवी), चारी बाजूंना झाला तर चौसोपी. रस्त्याच्या बाजूच्या सोप्याला दिंडी (मोठ्या दरवाजातलं छोटं दार) आणि देवडी (पहारेकऱ्याची जागा). समोरच्या सोप्यामागे माजघर, त्याच्यामागे स्वयंपाकघर. जागा मागे उरली असेल तर स्वयंपाकघरापलीकडे दुसरा चौक आणि तिथून पुन्हा पहिल्या नियमापासून. पेठेतल्या जागा अरुंद आणि खोल, म्हणून वाढ बहुतेक मागेच होते.

पण इथे माझी एक अडचण आहे. मालकोंतेंताच्या उदाहरणातही तीच वाटते. नियम आकार सांगतो, कारण सांगत नाही. चौक आहे कारण उजेड आणि वारा हवा, पुढचा-मागचा असे दोन आहेत कारण पाहुण्यांचा आणि घरच्या बायकांच्या कामाचा वावर वेगळा. हेच व्याकरण घेऊन कोकणात गेलं तर तिथल्या पावसात चौकाचं काय करणार? तिथलं घर उतरत्या छपराखाली एकसंध, पुढे ओटी आणि पडवी, अंगण बाहेर. कारणं नियमात लिहिली नाहीत तर व्याकरण फक्त नक्कल करायला शिकवेल. आणि आजच्या घरात बायकांचा वावर मागच्या चौकात ढकलणारा नियम मला नकोच आहे, तो शैलीचा भाग असला तरी.

आरसीसी_काका

ओसरीताई, अगदी मनातलं बोललात. लाकडाची तुळई किती लांब मिळते आणि किती भार घेते, यावरून खण ठरला. आरसीसीत तो खण तसाच ठेवायचा का, हाही त्यातलाच प्रश्न.

खणमांडणी

ओसरी, तुमच्या प्रतिसादावर दोन दिवस विचार करत होतो.

कारणं नियमाच्या अटीत घालता येतात. नुसतं 'सोप्यामागे माजघर' असं न लिहिता त्याला जोडून 'ज्या खोलीला चौकातून किंवा बाहेरून थेट उजेड मिळत नाही, तिथे हा नियम लागत नाही' असं लिहायचं. मग कोकणातल्या पावसाची अट घातली की चौकाचा नियम आपोआप बंद पडेल आणि छपराचा नियम पुढे येईल. वावराचा नियम तर सरळ वगळता येतो. व्याकरण लेखी असण्याचा हाच मोठा फायदा: कुठला नियम आपण स्वीकारतो आणि कुठला मुद्दाम सोडतो, ते सगळ्यांसमोर राहतं. वाड्याची 'प्रेरणा' घेतली म्हणणाऱ्या इमारतींत ते कळत नाही.

काकांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की खण हे माप बदलावं, पण मोजण्याची रीत ठेवावी. चार-साडेचार मीटरचा आरसीसी खण धरून तेच नियम लावले तर काय होतं, ते बघायची मला मनापासून उत्सुकता आहे.

पडताळणी कशी करायची, तर स्टिनी-मिचेल यांच्या तीन कसोट्या घेऊ. एक, मोजलेल्या वाड्यांची समान रचना त्यातून स्पष्ट व्हावी. दोन, न मोजलेला वाडा समोर आला तर तो या घराण्यातला आहे की नाही ते सांगता यावं. तीन, त्यातून नवीन वाडे काढता यावेत. दुसऱ्या कसोटीसाठी तुमच्या मोजणीतले काही वाडे मला दाखवू नका, बाजूला ठेवा. बाकीच्यांवरून मी आणि पागोळीच्या वर्गातली मुलं नियम लिहितो. मग बाजूला ठेवलेले वाडे तुम्ही बाहेर काढा आणि ते आमच्या नियमांतून निघतात का ते तपासा. ज्यावर अडेल तो इथेच धाग्यावर टाका. काका, कॉलमची जाळी तुमच्याकडे.

ओसरी

चालेल. मालकांची परवानगी घेतलेल्या वाड्यांचेच नकाशे देईन, पत्ते काढून. त्यातल्या एकाचा दुसरा चौक तिरका आहे, जागेची हद्दच तशी आहे. तो बाजूच्या ढिगात ठेवते.